गूळ खाल्ला, तक्रार नाही

माझं ऑफिस तेव्हा पहिल्या मजल्यावर होतं. यवतमाळात वकिलाला परवडणारी जागा वरच मिळते, खाली झेरॉक्सवाले आणि मोबाइलवाले बसतात. जिना अरुंद, कठडा नाही. अपघाताच्या दाव्यांची वकील म्हणून लोक मला ओळखतात. पाय गेलेली, कंबर मोडलेली, कुबड्यांवरची माणसं माझ्याकडं येतात आणि मी आपली वर बसलेली! कुणी तोंडावर बोललं नाही म्हणून इतकी वर्षं खपून गेलं.

ही बाई आली तेव्हा तिचा नवरा तिला पाठीवर घेऊन तो जिना चढला होता. दारात तिला उतरवून तो भिंतीला टेकला आणि नुसता धापा टाकत राहिला. तिचा डावा पाय मांडीपासून नव्हता. खुर्चीत नीट बसायच्या आधीच तिनं मला सुनावलं, "लंगड्यालुल्यायच्या केसा घेता आन् माडीवर कायले बसता, वकीलबाई?"

मला तिचा राग आला. माझा नवरा म्हणतो, तू अशिलांशी वकिलासारखी नाही, सासूसारखी बोलतेस. त्या दिवशी मात्र माझीच सासू समोर येऊन बसली होती. महिन्याभरात मी ती माडी सोडली आणि खाली झेरॉक्सच्या दुकानामागची खोली घेतली. ती तिच्या बोलण्यामुळं सोडली, हे तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आणखी चार शब्द ऐकावे लागले असते.

ती महागावच्या पलीकडच्या एका तांड्यावरची. हायवेपासून तांडा थोडा आत आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर पोचवलं, त्यांना आज आपल्याच दारातला रस्ता ओलांडायची चोरी झाली आहे. शेती घरची, नवरा-बायको दोघं राबायचे. शिवाय रस्त्यापलीकडच्या शाळेत ती खिचडी शिजवायची. सकाळी भाजीची पिशवी घेऊन ती रस्ता ओलांडत होती. माणूस रस्ता ओलांडताना जिकडून गाड्या येतात तिकडं बघतो. तिनंही तिकडंच बघितलं. ट्रक आला उलट्या बाजूनं. ढाबा जवळ होता आणि वळायची जागा लांब, तेवढा वळसा नको म्हणून चौदा चाकांचं ते धूड राँग साइडनं दामटलं होतं.

अशा केसेस माझ्याकडं इतक्या येतात, की मला बसल्या जागी ओळखता येतं, कोण कुठून कसं फिरत आलं ते. दवाखान्याच्या गेटाबाहेर दलाल उभे असतात. जखमीच्या नातेवाइकाला चहा पाजतात, कोऱ्या वकीलपत्रावर सह्या घेतात, आणि पुढं त्या माणसाची केस कुणाच्या खिशात गेली हे त्यालाही कळत नाही. हिच्याकडंही एक जण गेला होता. "मावशी, मी आहे ना," म्हणाला. हिनं त्याला विचारलं, "तू हाय तं माहा पाय कुठं हाय?" तो परत आला नाही. शाळेतल्या बाईंनी माझा पत्ता दिला आणि ती माझ्याकडं आली.

"तुम्हाला काय पाहिजे?" मी विचारलं. सगळ्यांना हाच प्रश्न मी आधी विचारते. बहुतेक जण नवऱ्याकडं किंवा मुलाकडं बघतात.

"गुडघा," ती म्हणाली.

शिबिरात तिला फुकटचा पाय मिळाला होता. तो जड होता आणि वाकायचा नाही. शाळेची शेगडी जमिनीवर, भांडी जमिनीवर, पोरांना वाढायचं ते ओणवं होऊन. ताठ पाय घेऊन खिचडी करता येत नाही. तिच्या जागी जाऊ जात होती. शाळेनं जागा धरून ठेवली होती, पण अशी किती दिवस धरून ठेवणार? नागपुरात गुडघ्यात वाकणारा पाय मिळतो हे तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. तो परवडण्यासारखा नव्हता. "मले घरात बसून रोट्या खाची सवय नाई," ती म्हणाली. "वाकणारा पाय भेटला तं मी परत शाळेत जाईन. नाई भेटला तं झालंच मंग." एवढंच तिचं मागणं होतं, आणि माझ्या दृष्टीनं सगळी केस एवढीच होती.

कायद्यात दोन वाटा आहेत. एका वाटेनं कुणाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही, पण ठरलेली, तुटपुंजी भरपाई घेऊन गप्प बसावं लागतं. दुसऱ्या वाटेनं खरं नुकसान मागता येतं, पण ड्रायव्हरची चूक दाखवावी लागते. त्या वाकणाऱ्या गुडघ्याची वाट दुसरीच होती. मी दावा दाखल केला. ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी, तिघांविरुद्ध. ड्रायव्हर आला नाही, मालक आला नाही. कंपनीचा वकील आला.

कंपनीचं लेखी उत्तर वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. खरं तर ते नेहमीचंच होतं. ही उत्तरं आधीच छापलेली असावीत, फक्त नाव बदलायचं. अर्जदार अचानक रस्त्यात आली. अर्जदाराचीच हयगय. आणि शेवटी, अर्जदाराला उत्पन्न नाही, ती फक्त घरकाम करते. फक्त! कापूस वेचणं घरकाम, सोयाबीन काढणं घरकाम, शाळेतल्या पोरांचं जेवण घरकाम. हे लिहिणारा माणूस दुपारी डबा उघडून जेवला असेल, तेव्हा तो डबा आपोआप भरला होता का? कंपनीचा वकील मला "ताई" म्हणतो, कॅन्टीनमध्ये माझ्यासाठी चहा सांगतो, पोरांची चौकशी करतो. माणूस म्हणून वाईट नाही. पण चहा पिऊन आत गेला की पाय गेलेल्या बाईला म्हणतो, तूच रस्त्यात आलीस.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

आमच्याकडं अर्जदाराची साक्ष प्रतिज्ञापत्रावर असते. वकील लिहितो, अर्जदार सही करतो, मग समोरचा वकील उलट प्रश्न विचारतो. तिचं प्रतिज्ञापत्र मी शंभरदा लिहिलेल्या भाषेत लिहिलं. ट्रकचालकाने बेदरकारपणे, हयगयीने, भरधाव वेगाने वगैरे वगैरे. त्या दिवशी माझ्या तीन तारखा होत्या. तिनं विचारलं, "यात काय लिवलं?" मी कोर्टाच्या मराठीत भराभरा वाचून दाखवलं. मला स्वतःलाच ते ऐकू येत नव्हतं, तिला काय येणार? तिनं सही केली. मीही विचारलं नाही, "बाई, अपघातानंतर कुणी तुमच्याकडं आलं होतं का?" सगळ्यांना विचारते. तिलाच विचारलं नाही.

उलटतपासणीच्या दिवशी कंपनीच्या वकिलानं फार गोड आवाजात सुरुवात केली.

"ट्रकचा ड्रायव्हर तुमच्या तांड्यावर आला होता, हे खरं आहे?"

"हो जी."

मी घाईघाईनं फाइल चाळायला लागले.

"तुमच्या समाजाची बैठक बसली. तांड्याचे नायक हजर होते?"

"होते ना."

"त्या बैठकीत तुम्ही ड्रायव्हरच्या हातून गूळ घेऊन खाल्ला?"

"खाल्ला."

"म्हणजे त्याच्याविरुद्ध तुमची काही तक्रार राहिली नाही."

"नाई राह्यली."

मी उठून हरकत घेतली. न्यायाधीशसाहेबांनी मला बसायला सांगितलं.

"मग या प्रतिज्ञापत्रात ड्रायव्हरनं बेदरकारपणे गाडी चालवली असं लिहिलंय. हे कोण म्हणालं?"

ती माझ्याकडं वळली, सरळ माझ्या डोळ्यात बघितलं आणि म्हणाली, "हे मी नाई म्हणलं, साहेब. हे वकीलबाईनं लिवलं."

कोर्टात हशा पिकला. पेशकारसुद्धा हसला. मग वकिलानं एक कागद पुढं केला. तांड्यावर झालेल्या समझोत्याचा स्टॅम्पपेपर, नायकाचा अंगठा, नवऱ्याची सही. "ही सही तुमच्या नवऱ्याची?" "हो." त्यानं कागद दाखल केला आणि बसला. मला त्याची प्रत मिळाली, ती मी न वाचताच फाइलीत कोंबली.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर अक्षरशः तुटून पडले. राग आला की माझी कोर्टाची मराठी गळून पडते. "कायले नाई सांगतलं तुमी मले? येवढी मोठी गोष्ट लपवली?"

"लपवली कुठं? तुमी ईचारलं काय?"

"आन् तिथं काहून म्हणलं तक्रार नाई म्हणून?"

"तं काय खोटं बोलू? गूळ खाल्ला ना मी त्याच्या हातचा. आता त्याची चूक तोंडातून काढाची नसते." मग तिनंच मला समजावलं, एखाद्या मंद पोराला समजवावं तसं. ड्रायव्हरही तिच्याच समाजाचा निघाला, तेलंगणातल्या एका तांड्यावरचा. तिच्याकडं आला, तिच्या पुढ्यात बसला आणि आईला म्हणतात तसं तिला "याडी" म्हणाला. तांड्याची पंचायत बसली, तिला ते नसाब म्हणतात. तिथं तिनं त्याला माफ केलं. एकदा माफ केलं की त्या माणसावर परत बोट उचलायचं नाही. कोर्टात नाही, घरात नाही, भांडणात नाही.

"मंग गुडघ्याचं काय?" मी विचारलं.

नवरा तिला उचलायला वाकला, तर ती त्याला म्हणाली, "थांब, मी कुबडीवर येतो." त्या दिवशी ती एस. टी. स्टँडपर्यंत कुबड्यांवर गेली. मी मागून चालत होते आणि मनातल्या मनात तिला, त्या ड्रायव्हरला, त्या नायकाला आणि मला स्वतःला शिव्या घालत होते.

पुढच्या रविवारी मी तांड्यावर गेले. नायकाला जाब विचारायचाच असं ठरवून गेले. माफ करणारे तुम्ही कोण? पाय तिचा, गुळाची ढेप तुमची! वाटेत एस. टी.त मी सगळं भाषण तयार केलं होतं. नायक फार म्हातारा माणूस. घरापुढच्या मांडवात बसला होता. मी उभ्या उभ्याच सुरू झाले. तो ऐकत राहिला. मध्ये चहा आला, त्याकडं मी बघितलंही नाही. माझं संपल्यावर तो म्हणाला, "झालं बोलून? च्या थंडा होऊन राह्यला."

मी चहा प्यायले. काय करणार?

"बाई, आमच्यात गूळ असाच नाई भेटत," तो म्हणाला. "पह्यले सारं सांगा लागते. उभं राहून, सगळ्याइच्या समोर. काय केलं, कसं केलं, कायले केलं. एक शब्द लपवला तं गूळ नाई."

मी ताठ बसले. "म्हणजे ड्रायव्हरनं चूक कबूल केली? सगळ्यांसमोर?"

"त्याबिगर गूळ कसा भेटीन?"

"काय म्हणाला तो?"

"ते मी नाई सांगत. नसाबात बोललं ते नसाबातच राह्यते."

झालं! म्हणजे जो पुरावा मला पाहिजे होता तो पूर्ण तांड्यानं कानांनी ऐकला होता आणि पूर्ण तांडा मूग गिळून बसला होता. मी पुन्हा भडकले. पिशवीतून त्या स्टॅम्पपेपरची प्रत काढली आणि त्याच्यापुढं आपटली. "तुमचं नसाबातलं नसाबातच राहतं ना? मग हे काय आहे? कंपनीच्या फाइलीत कसं गेलं?"

त्याला वाचता येत नव्हतं. "मालकाचा मुनीम आलता त्याच्यासंगं," तो म्हणाला. "म्हणे, गूळ खाल्ल्याची नोंद पाह्यजे, पोट्ट्याच्या नोकरीसाठी. अंगठा मागतला, देल्ला. तिच्या नवऱ्यानंबी सही देल्ली."

"वाचून दाखवलं होतं?"

"नाई."

मग मी वाचलं. या वेळी हळू वाचलं, एकेक ओळ, त्याला कळेल अशा भाषेत. आणि वाचताना मलाही ते पहिल्यांदाच नीट कळलं. त्यात लिहिलं होतं, की अपघात सदर महिलेच्या स्वतःच्या चुकीमुळे झाला, ट्रकचालकाचा काही दोष नाही, आणि ही बाब पंचांसमक्ष सर्वांनी मान्य केली आहे. खाली नायकाचा अंगठा.

म्हाताऱ्याचा चेहरा मी विसरणार नाही. त्यानं कागद हातात घेऊन अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "असं कोनीच नाई म्हणलं. त्या पोट्ट्यानंबी नाई म्हणलं. माह्या अंगठ्यावर हे लिवलं?"

सांगा आता, याला काय म्हणायचं? गरीब माणसं आपल्या रीतीनं एक गोष्ट निस्तरतात, माफी मागतात, माफी देतात, मन मोठं करतात. आणि पांढऱ्या कपड्यातला एक मुनीम त्यांच्या मोठेपणाखाली अंगठा घेऊन त्यांच्याच बाईला खोटं पाडतो. चोरी करायची तर तिजोरी फोडा, दुकान फोडा! माणसाची माफी कसली चोरता? मी अशील-वकील हे सगळं विसरून त्या मांडवात ओरडत होते, आणि मला कुणी गप्प केलं नाही.

"आता हे उघडा लागते," नायक शेवटी म्हणाला. "पन मी नाई उघडणार. ज्यानं म्हणलं त्यानंच उघडावं." त्यानं नातीकडून फोन लावून घेतला, तिकडच्या तांड्याच्या नायकाला. त्यांच्या बोलीत दोघं बराच वेळ बोलले. मला त्यातलं काही कळलं नाही. फोन ठेवून तो म्हणाला, "येईन तो."

आणि तो आला. तारखेच्या आदल्या दुपारी, पांढरकवड्याहून बस बदलून. किरकोळ अंगाचा माणूस, तोंडावर दाढीचे खुंट, मान खाली. एवढं मोठं चौदा चाकी वाहन याच माणसाच्या हातात होतं हे पटेना. माझ्या खोलीत शिरल्यावर पहिलं त्यानं विचारलं, "मैं बोलूंगा तो मेरे केस का क्या होगा, मॅडम?"

त्याच्यावर फौजदारी खटला चालूच होता. आज शपथेवर तो जे बोलेल ते उद्या त्याच्याच गळ्यात पडणार, हे मला माहीत होतं. त्याला सांगायला पाहिजे होतं, आधी स्वतःचा वकील गाठ, त्याला विचार, मग ये. मी म्हणाले, "पहले ये होने दो. वो बाद में देखेंगे." अशील माझी ती होती, तो नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. तेव्हा ते पुरेसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो पिंजऱ्यात उभा राहिला आणि नसाबात बोलला होता तेच बोलला. दोन दिवस झोप नव्हती. माल वेळेत पोचवायला मालकाचे फोन येत होते. वळसा वाचवायला गाडी राँग साइडनं घातली. बाई दिसली तेव्हा ब्रेक मारला, पण गाडी थांबली नाही. "मेरी गलती थी," तो म्हणाला. ती बाकावर बसली होती, पदर तोंडाशी धरून. त्याच्याकडं बघत नव्हती.

कंपनीचा वकील उठला. आता तो गोड बोलत नव्हता. म्हणाला, हे संगनमत आहे. दोघं एका समाजाचे, एका बोलीचे, घरात बसून ठरवून आले आहेत, कंपनीला लुबाडायला.

मी उठले. साहेबांनी हातानं थांबवलं नसतं तर त्या दिवशी माझ्यावरच कारवाई झाली असती. वा रे वा! गूळ खाल्ला तेव्हा समाज खरा, नायक खरा, अंगठा खरा, बैठक खरी. आणि त्याच बैठकीत बोललेलं बाहेर आलं की संगनमत! तुमच्या सोयीचं तेवढं खरं आणि आमच्या तोंडचं खोटं?

साहेब शांतपणे त्या वकिलाला म्हणाले, "समझोत्याचा कागद कुणी दाखल केला?"

"आम्ही, सर."

"मग बैठक झाली हे तुम्हाला मान्य आहे. तिथला गूळ खरा आणि तिथलं बोलणं खोटं, हे कसं, ते मला युक्तिवादात सांगा."

युक्तिवादात त्यानं तो मुद्दाच टाळला. निकाल लागायला पुढं बरेच महिने गेले, पण लागला. साहेबांनी तिच्या कामाचा विचार करताना वावर वेगळं धरलं, शाळा वेगळी धरली आणि घरकामही काम म्हणूनच धरलं. कंपनीनं टाळाटाळ केली, मग भरलं. ती नागपूरला जाऊन आली. पहिले काही महिने पाय घासायचा, जखमा व्हायच्या, मला फोन करून त्या कंपनीला आणि पाय बनवणाऱ्याला ती सारख्याच शिव्या घालायची. शाळा सुरू झाली तेव्हा ती शेगडीपाशी होती. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात ड्रायव्हरच्या खटल्याची तारीख आली. त्याच्या साक्षीची नक्कल तिथं पोचली होती. पोचणारच होती. नायकानं त्याला एक वकील करून दिला होता, तो म्हणाला, आता गुन्हा कबूल करण्यावाचून वाट नाही.

सकाळी तिचा फोन. "चला, वकीलबाई."

"कुठं?"

"त्याच्या कोर्टात. मी साहेबाले सांगतो, मी माफ केलं म्हणून."

मी सांगितलं, त्याचा उपयोग नाही, हा खटला वेगळा असतो, तुमचं तिथं काही काम नाही. ती म्हणाली, "येता का नाई तेवढं सांगा." मी गेले.

ती नव्या पायावर चालत आत आली. हळू, एका हातात काठी. पुकारा झाल्यावर उठली आणि कुणी न विचारता म्हणाली, "साहेब, पाय माहा गेला. मी याले माफ केलं. नसाबात केलं, इथंबी करतो. याले सोडा."

सरकारी वकील तरुण होता, उद्धट नव्हता. समजावणीच्या सुरात म्हणाला, "ताई, भर रस्त्यात बेदरकार गाडी चालवणं हा गुन्हा सरकारविरुद्ध असतो. तुम्हाला माफ करायचा अधिकार नाही."

"काहून नाई? पाय माहा गेला का सरकारचा?"

या वेळी कोर्टात कुणी हसलं नाही. तिथल्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी मागच्या बाकावर बसले होते. तिची माफी जेव्हा तिच्याच विरुद्ध वापरायची होती, तेव्हा ती पुरावा म्हणून दाखल झाली, तिच्यावर शिक्का बसला. आज ती एका माणसाला वाचवायला तीच माफी घेऊन आली, तर तिची किंमत शून्य! हा कुठला कायदा? मी याच कायद्यावर पोट भरते.

साहेबांनी शिक्षा त्यातल्या त्यात कमी दिली. दंड, लायसन्सवर शेरा आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे तुरुंग नाही, पण कोर्टाचं कामकाज संपेपर्यंत तिथंच बाकावर बसून राहायचं. ड्रायव्हर भिंतीकडेच्या बाकावर जाऊन बसला. ट्रकचा धंदा आता त्याच्यासाठी संपला होता, हे त्याला कळलं होतं. ती काठी टेकत गेली आणि त्याच्या शेजारी बसली.

शिपाई म्हणाला, "बाई, तुम्ही जा. तुम्हाला शिक्षा नाही."

"मले मालूम हाय," ती म्हणाली आणि बसून राहिली.

सकाळचे अकरा वाजले होते, कोर्ट उठायला संध्याकाळ होणार होती. तो ट्रक अपघातानंतर थोड्याच दिवसांत बाँडवर सुटला होता आणि अजूनही त्याच हायवेवर धावतो. फोन करून करून ड्रायव्हरची झोप उडवणारा मालक कुठल्याच तारखेला, कुठल्याच कोर्टात आला नाही. तो मुनीमही नाही. त्यांना बोलवा, त्यांना बसवा इथं, असं ओरडावंसं वाटलं, पण आरोपी म्हणून त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. त्या बाकावर आणखी एक माणूस बसेल एवढी जागा होती. "वो बाद में देखेंगे" असं त्याला म्हणणारी मीच होते. मी उठले आणि जाऊन बसले.